मुलाखत नावाची चाळणी

देवपूर आणि धुळं यांच्या मधून पांझरा वाहते. नकाशावर दोन्ही मिळून एकच शहर, पण आमच्या घरात पूल ओलांडून पलीकडे जायचं म्हटलं की "जरा गावात जाऊन येतो" असंच म्हणायचे. या पांझरेवर एका तरुण इंजिनिअरने नोकरीतलं अगदी सुरुवातीचं काम केलं होतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. धुळ्याच्या पश्चिमेला, साक्री तालुक्यात दातर्ती नावाचं गाव आहे. तिथे पांझरेच्या प्रवाहात पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पावसाळा लागला, तेव्हा उरलेलं काम पाऊस संपल्यावर करावं असं त्यांचं मत पडलं. साहेबाला ते पसंत पडलं नाही. मग या नवख्या इंजिनिअरने भर पावसात ते काम तडीला नेलं.

आता गंमत बघा. ही नोकरी त्यांना कशी मिळाली? १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. 'तुमच्यातले तीन गुण आणि तीन दोष सांगा' असं त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. परीक्षेतला नंबर हीच निवड. आणि माणूस खरा कसा आहे ते कळलं दातर्तीला, नदीच्या पात्रात, काम करताना.

हे आठवायचं कारण म्हणजे माझं सध्याचं काम. गेली पंधराएक वर्षं मी सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये टेबलाच्या 'त्या' बाजूला बसतो, म्हणजे मुलाखती घेतो. आणि त्याआधी, २००१ साली, देवपुरातून इंजिनिअरिंग करून मी टेबलाच्या 'या' बाजूला बरेचदा बसलो होतो. दोन्हीकडून बघितल्यावर एक प्रश्न सारखा डोक्यात येतो. एवढ्या फेऱ्या, एवढ्या परीक्षा, एवढी कोडी... हे सगळं आलं कुठून? आणि त्यातून नेमकं कळतं तरी काय?

माझ्या वडिलांच्या पिढीला मुलाखत हा प्रकार फारसा कठीण वाटायचा नाही, मुलाखतीपर्यंत पोचणं कठीण वाटायचं. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक झालं होतं. तिथे नाव नोंदवायचं, दर काही वर्षांनी कार्ड रिन्यू करायचं आणि 'कॉल' यायची वाट बघायची. पोस्टमनने तपकिरी पाकीट आणलं की गल्लीत बातमी व्हायची. मग चर्चा एकच : ओळख कोणाची आहे? 'वशिला' या शब्दाशिवाय त्या काळातल्या नोकरीची एकही गोष्ट पुरी होत नाही. मुलाखत पाच मिनिटांची, पण तिच्यामागची धावपळ पाच महिन्यांची.

मग १९८३ साल उजाडलं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्राचा नकाशाच बदलला. तोवर इंजिनिअर व्हायचं तर पुणे, मुंबई, सांगली, कराड, औरंगाबाद अशी मोजकी ठिकाणं. आता जळगावजवळ बांभोरीला कॉलेज झालं, १९८४ साली आमच्या देवपुरात झालं. कापूस, भुईमूग, केळी पिकवणाऱ्या घरातली पोरं ड्राफ्टर खांद्याला लावून आग्रा रोडने सायकली हाणू लागली. आधी ही कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि डिग्रीच्या कागदावरचं नाव बदललं. त्या नावाचा पुढे मुलाखतीत काय परिणाम होणार होता, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

याच सुमारास कॉम्प्युटर कंपन्याही उभ्या राहात होत्या. १९७७-७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि देशी कंपन्यांना मैदान मोकळं झालं. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि दोन वर्षांत बंगलोरला गेली. पण खानदेशी माणसाने छाती फुगवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. धुळ्याहून चाळीस किलोमीटरच्या आत अमळनेर आहे. तिथे २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली. महंमद हाशम प्रेमजींचा भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करण्याचा धंदा होता. १९६६ साली ते वारले, तेव्हा एकविशीतला मुलगा, अझीम, स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. तीच ही विप्रो! आद्याक्षरं नीट वाचा, अमळनेरचं तेल अजून त्यात सापडेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही तेलाची कंपनी कॉम्प्युटर करू लागली. अमळनेरच्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर होते आणि त्यांवर लोक लखपती-करोडपती झाले, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे बघा, देशातल्या एका मोठ्या आयटी कंपनीचा जन्म आमच्या उशाशी झालेला. पण आमच्या पिढीला आयटीतली नोकरी हवी असेल तर रात्रीची एसटी पकडून पुण्याला जावं लागायचं. कंपनी पुढे निघून गेली होती, आम्ही तिच्या मागे निघालो होतो.

आमची बॅच २००१ ची. वायटूकेची लाट ओसरलेली, अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटलेला, त्यात ११ सप्टेंबर. दोन वर्षं आधी पास झालेल्यांना कंपन्या शोधत येत होत्या म्हणे. आम्ही मात्र सायबर कॅफेत तासाला तीस-चाळीस रुपये मोजून रेझ्युमे पाठवत होतो. बुधवारी टाइम्सची असेंट पुरवणी कोणाकडे तरी यायची, ती हातोहात फिरायची. 'वॉक-इन' असं दिसलं की चार-पाच जण मिळून निघायचे. दत्त मंदिराजवळ भेटायचं, स्टँडवरून रात्रीची गाडी, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, पहाटे शिवाजीनगरला उतरायचं. कोणाच्या तरी कॉट बेसिसच्या खोलीवर अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि नऊ वाजता रांगेत. रांगेत हजार-दीड हजार पोरं आधीच उभी.

पहिली चाळणी गेटवरच होती. दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के. आमच्यातल्या एकाला दहावीला ५९.८ टक्के होते. इंजिनिअरिंगला तो आमच्या सगळ्यांच्या पुढे, सी मधले प्रोग्रॅम आम्ही त्याच्याकडून शिकलेलो. टेबलावरच्या मुलीने मार्कशीट बघितली आणि परत केली. तो हुज्जत न घालता बाहेर चहाच्या टपरीवर आमची वाट बघत बसला, संध्याकाळी सातपर्यंत. त्या कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच होतं.

टेबलाच्या या बाजूला आल्यावर मला त्या साठ टक्क्यांचं गणित कळलं. पन्नास जागा, अर्ज काही हजार आणि ते बघायला दोन माणसं. साठ टक्क्यांचा नियम लावला की अर्धा ढीग फुकटात कमी होतो. त्या मुलांना प्रोग्रॅमिंग येत नाही असा कोणाचा दावा नसतोच. नियम असतो तो ढीग कमी करण्यासाठी.

दुसरी चाळणी अॅप्टिट्यूडची. कोणत्या कंपनीला काय आवडतं हे पोरांना तोंडपाठ. अमकीला कोडी आवडतात, मग शकुंतलादेवींचं 'पझल्स टू पझल यू' वाचा. तमकीला इंग्रजी शब्दांचे समानार्थी-विरुद्धार्थी लागतात, मग बॅरन्सच्या जीआरईच्या पुस्तकाची झेरॉक्स काढा. शेतीचं औजार दुरुस्त करू शकणारा पोरगा 'गॅरुलस' आणि 'टॅसिटर्न' पाठ करत एसटीत डुलक्या घ्यायचा.

ही कोड्यांची आवड मात्र आपल्याकडची नाही, तिचा इतिहास जुना आहे. थॉमस एडिसनने १९२१ च्या सुमारास नोकरीसाठी येणाऱ्यांना दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. प्रश्न बहुतेक सामान्य ज्ञानाचे. ते वर्तमानपत्रात फुटले आणि मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेत होते. त्यांना एडिसनच्या यादीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणाऱ्या गोष्टी मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. म्हणजे एडिसनच्या कंपनीत त्यांचं काही खरं नव्हतं!

पुढचा गडी विल्यम शॉकली, ट्रान्झिस्टरच्या शोधाचा एक मानकरी, नोबेल विजेता. कॅलिफोर्नियात त्याने सेमिकंडक्टरची कंपनी काढली. १९५७ साली तिथे जिम गिबन्स नावाचा तरुण मुलाखतीला गेला, तेव्हा शॉकलीने घड्याळ लावून त्याला कोडं घातलं. टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, तर विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील? बहुतेक जण ६३, मग ३२, मग १६ अशी बेरीज करत बसतात. गिबन्सने लगेच सांगितलं, १२६. कारण सोपं आहे. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो, आणि एक सोडून सगळ्यांना बाद करायचंय.

हे कोडं मी कित्येक वेळा ऐकलं, मुलाखतीत मला स्वतःलाही एकदा विचारलं गेलं. पण त्यातली खरी मेख मला फार उशिरा दिसली. हे कोडं नोकरभरतीचंच वर्णन आहे की! सगळी रचना बाद करण्याची आहे. विजेता कोण ते शेवटी आपोआप उरतो. एकशे सव्वीस जण घरी गेले, एवढंच त्या रचनेला नक्की माहीत असतं.

शॉकलीच्या त्या दरीत पुढे सिलिकॉन व्हॅली झाली आणि कोडी घालायची पद्धत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी डोक्यावर घेतली. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हा प्रश्न देवपुरातल्या पोरांनाही पाठ झाला. २००४ साली गूगलने तर हायवेवर कंपनीचं नावही न लिहिता एक बोर्ड लावला : 'ई' या संख्येच्या दशांशांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा आणि त्या नावाच्या वेबसाइटवर जा. उत्तर होतं ७४२७४६६३९१. ज्याला सापडेल त्याला पुढचं कोडं, आणि शेवटी नोकरीचं आमंत्रण. वाचायला मजा येते. पण त्याच गूगलच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाने, लॅझलो बॉकने, २०१३ साली जाहीर सांगून टाकलं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यांवरून पुढच्या कामाचा काहीही अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं एवढंच. कॉलेजच्या मार्कांबद्दलही त्याचं मत तेच : नुकतेच बाहेर पडलेले सोडले तर मार्कांचा उपयोग नाही.

तिसरी चाळणी ग्रुप डिस्कशन आणि एचआरची. इथे आमची गळती सर्वांत जास्त. आता बघा, देवपुरातल्या कित्येक घरांत बोलायची भाषा अहिराणी. शाळेत गेल्यावर मास्तर म्हणणार, शुद्ध मराठी बोल. इंजिनिअरिंगला पुस्तकं इंग्रजी. म्हणजे दोन जिने चढून पोरगा वर पोचतो आणि तिथे कोणीतरी विचारतं, "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." स्वतःबद्दल? आमच्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई. माझी आजी म्हणायची, "आपलं आपुन काय सांगानं, लोके सांगतीन." ज्या संस्कारात माणूस वाढला, नेमका तोच त्या खोलीत 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणून लिहिला जायचा. आणि "देवपूर? व्हेअर इज दॅट?" याचं उत्तर देताना धुळे, मग नाशिकच्या पुढे, मग मुंबई-आग्रा हायवे असं करत करत दोन मिनिटं संपायची.

यातली उपरोधिक गोष्ट अशी की त्या काळात या कंपन्या तुम्हाला काय येतं यासाठी घेतच नव्हत्या. सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल, कोणतीही ब्रँच चालायची. घेतल्यावर कित्येक आठवडे शिकवायचं, आणि म्हणून माणसात नवं शिकायची क्षमता हवी, असं त्या उघड सांगायच्या. पण शिकायची क्षमता मोजायला वापरली काय, तर मार्क, शब्दांचे अर्थ आणि इंग्रजीचा सफाईदारपणा. अहिराणीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आलेल्या मुलाने किती शिकून दाखवलंय, हे मोजायला खाना नव्हता.

२००५ साली मॅकिन्सीच्या अहवालात आलं की भारतातले जेमतेम २५ टक्के इंजिनिअर बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्याच्या योग्यतेचे आहेत. २०११ साली अॅस्पायरिंग माइंड्स या परीक्षा घेणाऱ्या कंपनीने आयटी सेवांसाठी हाच आकडा १७.४५ टक्क्यांवर आणला. पेपरांत मोठमोठे मथळे आले. लहान गावांतल्या कॉलेजांचा दर्जा सुमार होता, हे कबूल करायलाच हवं. लॅबमध्ये चार मुलांत एक मशीन असायचं, शिकवणारे कित्येकदा आदल्याच वर्षी पास झालेले असायचे. पण चाळणीतून किती दाणे पडले यावरून फक्त दाण्यांचीच किंमत ठरवायची, भोकांच्या आकाराबद्दल कोणी बोलायचंच नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

मानसशास्त्रज्ञांनी मात्र भोकं मोजली आहेत. श्मिट आणि हंटर या दोघांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. कोणत्या पद्धतीने निवडलेला माणूस पुढे चांगलं काम करतो, हा प्रश्न. गप्पा मारल्यासारखी, मनात येईल ते विचारणारी मुलाखत बरीच खाली निघाली. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत तिच्यापेक्षा पुष्कळ वर. आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं त्या यादीत सर्वांत वरच्या जागी. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे सगळे आकडे पुन्हा तपासले. बहुतेक खाली आले, पण ठरीव प्रश्नांची मुलाखत तिथे पहिली आली. शिक्षणाची किती वर्षं झाली, याचा उपयोग १९९८ च्या यादीत जवळजवळ तळाला.

मग हे सगळं ठाऊक असून कंपन्या बदलत का नाहीत? माझ्या मते याचं कारण साधं आहे. चुकीचा माणूस घेतला तर सहा महिन्यांत कळतं, बोंबाबोंब होते, मॅनेजर विचारतो, याला कोणी घेतलं? पण चांगला माणूस परत पाठवला तर कोणालाच काही कळत नाही. तो रात्रीच्या गाडीने घरी जातो. त्याने पुढे काय केलं याची नोंद कंपनीकडे नसते. म्हणजे चाळणीच्या अर्ध्या चुका कधी मोजल्याच जात नाहीत, आणि ज्या मोजल्या जात नाहीत त्या दुरुस्तही होत नाहीत. त्यांची किंमत भरतो तो बाहेर टपरीवर बसलेला पोरगा.

सरकारने यावर एक वेगळाच उपाय केला. १ जानेवारी २०१६ पासून केंद्रातल्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कारण तेच, आमच्या वडिलांना ठाऊक असलेलं : वशिला शिरतो तो मुलाखतीच्या दारातून. खाजगी कंपन्यांत बदल झाला तो दुसऱ्या बाजूने. २०१८ साली टीसीएसने देशभरासाठी एकच ऑनलाइन पात्रता परीक्षा सुरू केली. आधी कंपनी ज्या कॉलेजात जाईल तिथल्याच मुलांना संधी, आता कुठल्याही कॉलेजचा मुलगा बसू शकतो. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळ्याच मुलाखती पडद्यावर आल्या. माझ्या मते चाळीस वर्षांतला देवपूरसाठीचा सर्वांत मोठा बदल हा, कोणत्याही कोड्यापेक्षा मोठा. रात्रीची गाडी नाही, कॉट बेसिस नाही, उधारीचा टाय नाही. घरच्या खोलीत, मागे आईने साडीचा पडदा लावून दिलाय, आणि पोरगी हैदराबादच्या माणसाशी बोलतेय. लाइट गेली तर मोबाइलचं नेट. अशा किती मुलींच्या मुलाखती मी घेतल्या असतील! त्यांतल्या कित्येकींना घरून पुण्याला एकटीने पाठवलंच नसतं.

मीही माझ्यापुरती पद्धत ठरवली आहे. सगळ्यांना तोच एक चाळीस-पन्नास ओळींचा प्रोग्रॅम देतो. त्यात दोन चुका असतात. शोध आणि दुरुस्त कर. इंग्रजीत अडलं तर मराठीत, हिंदीत सांग. गुण कशाला किती ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. वीस मिनिटांत जे दिसतं ते 'तुझ्यातले दोष सांग' यातून कधीच दिसत नाही. चूक सापडल्यावर पोरांचे चेहरे कसे उजळतात, ते बघण्यासारखं असतं.

पण आता वारं पुन्हा फिरतंय. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि पडद्यामागून उत्तरं मिळवणं सोपं झालं. पलीकडचा माणूस बोलतोय की वाचतोय ते कळेना. २०२५ साली सुंदर पिचईंनीही सांगितलं की गूगल निदान एक फेरी समोरासमोर घेणार. कंपन्यांची अडचण खरी आहे, मी रोज अनुभवतो. पण समोरासमोर म्हणजे कोणाच्या गावात? बंगलोर, हैदराबाद, पुणे इथेच ना? कोणी धुळ्याला येणार आहे का?

परवा आमच्या ऑफिसात यावर चर्चा झाली. शेवटची फेरी ऑफिसातच घ्यायची असं जवळजवळ ठरलंच होतं. मी एवढंच म्हटलं, घ्या, पण प्रवासाचं भाडं आणि एका रात्रीची राहायची सोय आपण करायची, आणि ज्यांना नाही म्हणू त्यांची यादी वर्षभर जपून ठेवायची. त्यांतले कोण कुठे लागले, काय करताहेत, वर्षाच्या शेवटी बघायचं. भाडं द्यायला सगळे लगेच तयार झाले. यादीचं ऐकून मात्र थोडी शांतता पसरली. "त्याचा काय उपयोग?" कोणीतरी विचारलं.

यादी ठेवायला मी सुरुवात केली आहे. सध्या तिच्यात एकतीस नावं आहेत.